निरीक्षणाखालची सायकल

फ्रीज जिन्यावरून सुटला तेव्हा धोकासाहेब ऑफिसात होते, हे एका परीने बरंच झालं. ते घरी असते, तर फ्रीज सुटायच्या आधीच तो कसा सुटेल हे त्यांनी खाली उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं असतं आणि बोलता बोलता त्याच्या वाटेत आले असते. ते नव्हते म्हणून वाटेत आली ती त्यांच्या बायकोची, म्हणजे सगळ्या बिल्डिंगच्या वहिनींची, सायकल. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा नवाकोरा फ्रीज हमालांच्या हातून निसटला, शेवटच्या पायऱ्या एकट्याने उतरला आणि पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सायकलच्या अंगावर आडवा झाला. त्या गृहस्थांना सगळी बिल्डिंग फ्रीजवाले म्हणते ती त्या दिवसापासून. त्याआधी त्यांना काय म्हणत असत ते आता कुणालाच आठवत नाही.

फ्रीजवाले तसे सज्जन. त्यांनी आधी फ्रीज उभा केला, मग सायकल उभी केली. वाकडी झालेली सीट सरळ केली, उडालेली घंटा शोधून आणून बसवली, फडक्याने धूळही पुसली. पुसताना हँडलच्या मागे, पेडलकडे तिरका उतरतो त्या दांड्यावर एक रेघ दिसली. केसाएवढी. पुसून जाईना.

"नुसता ओरखडा आहे हो वहिनी," फ्रीजवाले म्हणाले.

वहिनींनी चष्मा वर सरकवून बघितलं. "ओरखडा लांबट असतो. ही रेघ दांड्याभोवती वळलीय."

"तसा वळलेला ओरखडा आहे."

"ह्यांनाच विचारते," वहिनी म्हणाल्या आणि सगळा घोटाळा इथून सुरू झाला.

संसार सुरू झाल्यापासून वहिनींनी नवऱ्याला कशाचा निर्णय विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पडद्यांचा रंग त्यांनी स्वतः ठरवला, मुलीचं कॉलेज मुलीने ठरवलं आणि घर कुठे घ्यायचं हे तर धोकासाहेब दोन्ही घरांच्या भिंती ठोकून बघत असतानाच वहिनींनी ठरवून टाकलं होतं. त्यांचा धंदाच तसा होता. त्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होत्या. सकाळी उजाडता उजाडता घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचं रक्त काढून आणायचं, हे त्यांचं काम. "सुई हातात घेऊन विचार केला की समोरच्याला जास्त दुखतं," असं त्या म्हणत आणि तसंच वागत.

ही सायकल त्या पन्नाशीला टेकल्यावर शिकल्या. पटांगणात लेकीच्या वयाच्या पोरींसमोर पडून, गुडघे फोडून घेऊन शिकल्या. त्याआधी बस होती. बसला उशीर झाला की रक्त द्यायला उपाशी बसलेला म्हातारा वाट बघून बघून वैतागायचा, बिस्किटं खाऊन मोकळा व्हायचा आणि वर लॅबला फोन करून वहिनींची तक्रार करायचा. सायकल आल्यापासून तक्रारी बंद झाल्या. पण खरी गोष्ट तेवढीच नव्हती. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावरून उतारावर पेडल न मारता सुसाट जाताना वहिनी मोठ्याने गाणं म्हणत. हे दूधवाल्याने ऐकलं होतं, पेपरवाल्याने ऐकलं होतं. धोकासाहेब त्या वेळी झोपलेले असत.

आता धोकासाहेबांविषयी. ते पालिकेच्या धोकादायक इमारतींच्या खात्यात होते आणि हे नाव त्यांना त्यावरूनच पडलं होतं. जुन्या इमारतींना भेटी द्यायच्या, भेगा बघायच्या आणि दारावर बोर्ड लावायचा. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या पहिल्या साहेबांनी त्यांना जवळ बसवून एकच गुरुमंत्र दिला होता. "हे बघ, धोकादायक म्हटलंस आणि इमारत पडली, तर तू द्रष्टा. धोकादायक म्हटलंस आणि पडली नाही, तर लोकांचं नशीब थोर. पण सुरक्षित म्हटलंस आणि पडली, तर तू गेलास." धोकासाहेबांनी कानाला जो खडा लावला तो आजतागायत. सबंध नोकरीत त्यांनी 'सुरक्षित' हा शब्द कधी वापरला नाही. आणि जिथे 'धोकादायक' म्हणायलाही जीव धजावत नसे, तिथे म्हणायला खात्याने एक सोय करून ठेवली होती. 'निरीक्षणाखाली.' या शब्दाला पुढे काहीच करावं लागत नाही. तो लावला की इमारत, माणसं आणि धोकासाहेब, तिघेही आपापल्या जागी निवांत राहतात.

माणसाला एकदा सवय लागली की ती ऑफिस सुटताना ऑफिसात थोडीच राहते? चहा कसा झालाय विचारलं, तर धोकासाहेब म्हणत, "सध्या तरी ठीक आहे." मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलगा कसा वाटला असं व्याह्यांनी विचारलं, तर म्हणाले, "वरवर बघता तडा दिसत नाही." ते लग्न झालं, हे मुलीचं कर्तृत्व.

अशा माणसाला त्याची बायको त्या संध्याकाळी म्हणाली, "अहो, तुमच्याच विषयातलं आहे. एवढं बघून सांगा. चालवू की नको?"

धोकासाहेबांना भरून आलं. त्यांनी बॅटरी काढली, ऑफिसची छोटी हातोडी काढली, बाह्या दुमडल्या आणि ते पार्किंगमध्ये सायकलसमोर उकिडवे बसले. बघता बघता भोवती माणसं जमली. भिंगातून रेघ बघून झाली, हातोडीने दांडा ठोकून झाला, बोटाने हवेत रेघेची दिशा काढून झाली. मग गुडघे धरत उभं राहून ते म्हणाले, "निरीक्षणाखाली ठेवू."

"म्हणजे चालवू की नको?"

"म्हणजे निरीक्षणाखाली."

वहिनींनी नवऱ्याकडे जरा वेळ बघितलं. त्या नजरेचा अर्थ तिथल्या सगळ्या विवाहितांना कळला. धोकासाहेब मात्र बोर्ड आणायला वर गेले होते. ऑफिसचा एक जादा बोर्ड त्यांच्या कपाटावर पडून होता. 'धोकादायक इमारती खाते. निरीक्षणाखाली.' लाल अक्षरात. तो त्यांनी सुतळीने सायकलच्या सीटखाली बांधला आणि भोवती लाल-पांढरी पट्टी फिरवली. वहिनी दुसऱ्या दिवशी बसने गेल्या.

मत मागितलं की एखादंच मिळतं. न मागितलं की सगळी बिल्डिंग देते. पहिल्या आल्या त्या समोरच्या गाण्याच्या बाई. त्यांनी चमच्याने दांडा वाजवून बघितला, डोळे मिटले आणि मान हलवली. "आवाज बसलाय हिचा."

"आधी कसा होता?" धोकासाहेबांनी आदराने विचारलं.

"आधी कुणी वाजवली होती?"

मुद्दा बिनतोड होता. मग तुलनेसाठी पार्किंगमधल्या सगळ्याच सायकली वाजवण्यात आल्या. बाईंचं म्हणणं पडलं की यातली एकही सुरात नाही, पण वहिनींची निदान बेसूर असल्याचं लपवत नाही. यावरून चालवायची की नाही हे ठरेना. बाईंच्या शिष्या मात्र पुढे बरेच दिवस जाता-येता तो दांडा वाजवून जात.

मग तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मध्ये तोंड घातलं. त्यांना लोकांच्या तोंडात हात घालायची सवयच होती. "एवढं काय चाललंय? एक्स-रे काढू. दूध का दूध, पानी का पानी." दवाखान्यात दोन पेशंट गाल धरून बसले होते. त्यांच्यामधून सायकल आत नेण्यात आली आणि खुर्चीवर आडवी निजवण्यात आली. खुर्ची मागे झुकवली तशी सायकलचं पुढचं चाक वर आलं आणि आपोआप फिरायला लागलं. एका पेशंटचं दुखणं ते बघूनच थांबलं आणि तो घरी गेला. डॉक्टरांची फिल्म दाढेएवढी. ती रेघेमागे धरायला कुणीतरी हवं होतं. "तोंड असतं तर चावून धरता आली असती," डॉक्टर हळहळले. शेवटी चिकटपट्टीने चिकटवली. फोटो आला तो आरपार पांढराशुभ्र.

"म्हणजे काय?" धोकासाहेबांनी विचारलं.

"दात असता तर मी म्हटलं असतं, असा निरोगी दात आयुष्यात बघितला नाही. पण हे लोखंड आहे. लोखंडाचं मला कळत नाही." आणि दाराशी पोचवायला येताना त्यांनी धंद्यातला एक सल्ला फुकट दिला. "दुखत नसेल तर हात लावू नका."

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जायला खरं तर धोकासाहेबांना पहिल्यांदाच सुचायला हवं होतं, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते उगाच नाही. सायकलवाल्याने रेघ बघितली, मग सीटखालचा बोर्ड बघितला आणि हात पुसून दोन पावलं मागे सरकला.

"साहेब, तुम्ही खात्यातले. तुम्ही म्हणा चालेल, मी म्हणतो चालेल."

"अहो, पण मला तुमचं मत हवंय."

"माझं मत तुमच्या मतासारखंच आहे."

"माझं मत अजून झालेलं नाही."

"माझंही नाही झालं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आयुष्यभर जबाबदारी अंगाला लावून न घेतलेली दोन मुरलेली माणसं समोरासमोर आली होती. धोकासाहेबांनी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. असा माणूस खात्यात असता तर केव्हाच वर गेला असता, असं त्यांना वाटून गेलं.

राहता राहिली कंपनी. तिथे फोनवर आधी गाणं वाजलं, मग एक गोड आवाजाची मुलगी आली. "सायकल कशावर आदळली, सर?"

"सायकल नाही आदळली. तिच्यावर फ्रीज आदळला."

पलीकडे कीबोर्डचा खडखडाट. "सर, आमच्याकडे दोनच प्रकार आहेत. वाहनाची धडक किंवा चालवणारा पडला. फ्रीज वाहनात येईल का?"

धोकासाहेब प्रामाणिक माणूस. ते विचार करून म्हणाले, "त्या वेळी तो चालत होता."

"मग सर, तज्ज्ञाकडून तपासून झाल्याशिवाय सायकल वापरू नका."

"तज्ज्ञ कोण?"

"ते ग्राहकाने ठरवायचं, सर. अजून काही मदत करू शकते?"

इकडे सोसायटीच्या सेक्रेटरींच्या डोळ्यात तो बोर्ड खुपायला लागला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वस्तू धोकादायक असेल तर ती सगळ्यांच्या पार्किंगमध्ये का? आणि नसेल तर बोर्ड का? दोनपैकी एक हलवा. धोकासाहेबांची पंचाईत झाली. बोर्ड काढायचा म्हणजे सुरक्षित म्हटल्यासारखं होणार. सायकल हलवायची म्हणजे भेगेला धक्का लागणार. शेवटी त्यांनी तोड काढली ती अशी की दोन्ही जिथल्या तिथे ठेवून तिसरा बोर्ड लावायचा. तिसरा अशासाठी की दुसरा आधीच फ्रीजवाल्यांनी लावला होता, 'ही सायकल आधीपासून जुनी होती' असा. नव्या बोर्डावर होतं, 'सायकलपासून लांब राहावे.' बिल्डिंगमध्ये येणारे पाहुणे आता चपला काढण्याआधी सायकलची चौकशी करू लागले. एका पाहुण्याने तर ती भुंकते का असं विचारलं.

घोंगडं असं भिजत पडलं असताना धोकासाहेबांना ती कल्पना सुचली. दुसऱ्या कुणाला सुचली नसती. तशी सुचायला आयुष्यभर इमारतीच बघाव्या लागतात. भिंतीला तडा गेला की तो जुना, थांबलेला आहे की अजून वाढतोय हे कसं ओळखायचं? तर तड्यावर आडवी एक पातळ काचपट्टी चिकटवायची. तडा हलला की काच तडकते. भिंत खोटं बोलेल, घरमालक तर बोलतोच, पण काच खोटं बोलत नाही. धोकासाहेबांनी आयुष्यात अशा शेकडो काचा लावल्या होत्या. सायकलला लावणारे मात्र ते पहिलेच असावेत.

काच घरातच होती. रक्ताचा थेंब पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पट्ट्या वहिनींच्या बॅगेत असत. त्यातली एक त्यांनी मागून घेतली आणि दोन ट्यूबा मिसळून लावायच्या डिंकाने रेघेवरून पलीकडे अशी बेतशीर चिकटवली.

"रंग खरवडून खाली काय आहे ते बघा ना," वहिनी म्हणाल्या.

धोकासाहेब कळवळले. "भेगेला कधी हात लावायचा नसतो! खरवडायचं काम कंत्राटदाराचं. आपलं काम बघायचं."

"किती दिवस बघायचं?"

"ते काच ठरवेल."

वहिनींनी बॅग बंद केली. इतक्या पटकन वाद संपल्याचं धोकासाहेबांना खरं तर संशयास्पद वाटायला हवं होतं, पण विजयी माणूस चौकशा करत नाही.

तेव्हापासून ऑफिसला जाताना खाली थांबायचं, पट्टी उचलून आत शिरायचं आणि भिंगातून काच बघायची, हा त्यांचा रोजचा नेम झाला. काच अखंड. दुसऱ्या दिवशी अखंड, पुढच्या आठवड्यातही अखंड. निरीक्षणात त्यांना इतरही गोष्टी दिसत आणि त्या सगळ्यांची कारणं ते जागच्या जागी शोधून काढत. एकदा टायर ओले होते. पार्किंगच्या फरशीला ओल येते, त्यांनी ठरवलं. एकदा चाकात हिरवं पान अडकलेलं होतं. वारा. एकदा घंटेची कळ पलीकडे वळलेली दिसली. गाण्याच्या बाईंच्या शिष्या! पट्टीची गाठ कधी डावीकडे असे, कधी उजवीकडे. तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, कारण गाठ हा त्यांचा विषय नव्हता. वहिनी हल्ली खुशीत दिसतात, हेही त्यांनी टिपलं आणि बसचा प्रवास मानवला असावा असा निष्कर्ष काढला.

शेवटी एका रविवारी सेक्रेटरींनी सगळ्यांना सकाळी पार्किंगमध्ये बोलावलं. आज काय तो सोक्षमोक्ष. गाण्याच्या बाई आल्या, दातांचे डॉक्टर आले, फ्रीजवाले नवा शर्ट घालून आले. बिचाऱ्यांची झोप उडाली होती. लोक त्यांच्याकडे आरोपीसारखे बघत आणि फ्रीजमधलं थंड पाणी पितानाही त्यांना म्हणे अपराधी वाटे.

धोकासाहेबांनी घसा साफ केला. "काच अखंड आहे," ते म्हणाले. "यावरून, वरवर बघता, भेग थांबलेली दिसते. तथापि सायकल सध्या उभी असल्याने तिच्यावर भार नाही. भार नसताना भेग हलत नाही, हे साहजिक आहे. भार दिल्यास ती हलेल किंवा हलणार नाही. भार देणं हे मात्र भेग थांबल्याची खात्री झाल्याशिवाय उचित नाही. सबब..."

"सबब काय?" सेक्रेटरी ओरडले.

"सबब निरीक्षण चालू ठेवावं."

एवढ्यात जिन्यावरून वहिनी उतरल्या. खांद्याला बॅग. पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींचा फोन आला होता, आजी कधीच्या उपाशी बसल्या होत्या. वहिनींनी नेहमीच्या सवयीने पट्टीची गाठ सोडली, बोर्ड काढून भिंतीशी ठेवला, सायकल बाहेर घेतली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सगळी बिल्डिंग आपल्याकडे बघतेय.

"हे काय?" धोकासाहेब म्हणाले.

"आजींकडे जातेय."

"सायकलवरून?"

"रोज जाते," वहिनी म्हणाल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही उठायच्या आत जाऊन येते. बसने दोन दिवस गेले, दोन्ही दिवस म्हाताऱ्यांनी बिस्किटं खाल्ली."

"अगं, पण मी बोर्ड लावला होता!"

"अहो, तुमच्या खात्याचा बोर्ड लागलेल्या इमारतीतून आजवर एक तरी माणूस बाहेर पडलाय का? लोक त्या बोर्डावर टॉवेल वाळत घालतात. मी सरळ विचारलं होतं, चालवू की नको. तुम्ही नको म्हणाला असतात तर नसती चालवली. तुम्ही निरीक्षणाखाली म्हणालात. त्याचा अर्थ सगळं गाव जो घेतं, तोच मी घेतला."

कुणीतरी फिसकन हसलं. धोकासाहेबांचे कान लाल झाले. सबंध शहरात आपल्या बोर्डाला कोण किंमत देतं हे त्यांना ठाऊक होतं, पण निदान आपल्या घरात, आपल्या बायकोने तरी! त्यांना खरोखर वाईट वाटलं.

पण फ्रीजवाल्यांच्या चेहऱ्यावर उजाडलं होतं. "थांबा, थांबा! म्हणजे वहिनी रोज बसतात, रोज जातात, आणि काच अखंड? अहो, मग भार झालाच की! साहेब, तुमच्याच काचेने सांगितलं! आता तरी म्हणा!"

"म्हणा, म्हणा," डॉक्टर म्हणाले. "एकदाचा काढून टाका तो शब्द. थोडं दुखेल, मग बरं वाटेल."

धोकासाहेबांनी काचेकडे बघितलं. युक्तिवादात खोट सापडेना. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती आजींच्या काळजीने घड्याळ बघत होती. त्यांचे ओठ हलले आणि सगळ्या नोकरीत न उच्चारलेला तो शब्द बाहेर पडला. फार हळू, पण पडला.

"सुरक्षित."

टाळ्या झाल्या. फ्रीजवाल्यांनी त्यांना मिठी मारली. वहिनींचा चेहरा असा फुलला की धोकासाहेबांना वाटलं, हे इतकं सोपं होतं तर आपण उगाच इतकी वर्षं काढली.

"मग बसा मागे," वहिनी सायकलवर बसत म्हणाल्या. "सुरक्षित आहे ना? चला आजींकडे. बॅग धरा."

नाही म्हणायची सोयच नव्हती. स्वतःच्या शब्दाला जागून धोकासाहेब बॅग पोटाशी धरून कॅरिअरवर बसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. वहिनींनी पेडल मारलं, सायकल हलली, फाटकाच्या दिशेने डुलत निघाली.

आणि टक् झालं.

आवाज फार छोटा होता. शिट्ट्यांच्या गोंगाटात तो दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नाही. पण धोकासाहेबांनी तो आवाज पडक्या जिन्यांखाली, ओल्या भिंतींशी कान लावून ऐकला होता. समोर बायकोची पाठ होती, वेणीतून सुटलेले पांढरे केस मानेवर उडत होते, आणि पुढे फाटकाबाहेर तो उतार. ज्या उतारावर ती सुसाट जाते म्हणतात.

"थांब!"

"आता काय?"

"थांब म्हणतो ना! काच फुटली."

वहिनींनी ब्रेक दाबला. सगळे धावत आले. काच खरंच मधोमध तडकली होती. लगेच चर्चा सुरू झाली. फ्रीजवाले म्हणाले, काच साहेबांच्या वजनाने फुटली, त्याला सायकल काय करणार. गाण्याच्या बाई म्हणाल्या, काच पातळ होती. डॉक्टर म्हणाले, दुसरी काच लावून बघू. सेक्रेटरी म्हणाले, साहेबांनी एकदा दिलेला शब्द फिरवू नये. वहिनी वैतागल्या. "अहो, आजी उपाशी आहेत. एकदा काय ते ठरवा! धोकादायक आहे, की सुरक्षित आहे, की परत ते तुमचं निरीक्षणाखाली?"

धोकासाहेब खाली उतरले होते. त्यांनी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. खात्यातला एकही शब्द त्यांना आठवेना.

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटते. तू उतर."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग उतरल्या.

पण नुसतं उतरून गप्प बसतील त्या वहिनी कसल्या. त्यांनी बॅग घेतली, पाकीट फोडून एक सुई काढली, फुटक्या काचेचा तुकडा उपटला आणि सुईचं टोक त्या रेघेवरून ओढत नेलं. रंगाचे कण उडाले. एका जागी सुई अडकली आणि आत गेली. वहिनींनी हात सोडला तरी सुई दांड्यात तशीच उभी राहिली.

"आम्ही कीड अशीच बघतो," दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले. "टोक अडकलं की समजायचं. माझ्या आधी कसं लक्षात आलं नाही?"

सगळे त्या सुईकडे बघत होते. फ्रीजवाले मटकन पायरीवर बसले. वहिनींच्या कपाळावर घाम आला होता.

"त्या उतारावर मी हात सोडून जायचे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

आजींकडे दोघं चालत गेली. आजी बिस्किटं खाणार असतील तर खाऊ देत, असं वहिनी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाल्या. बॅग धोकासाहेबांकडे होती. उतार आला, तशी वहिनींनी त्यांच्या दंडाला धरलं. चालताना धरायची काही गरज नव्हती.

"अहो, भीती वाटते हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. "मी हातसुद्धा लावला नसता सायकलला."

धोकासाहेब विचारात पडले. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघावं तसं त्यांनी प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

"पहिल्या दिवसापासूनच वाटत होती," ते म्हणाले. "पण ती निरीक्षणाखाली होती."

वहिनी भर रस्त्यात थांबल्या आणि इतक्या मोठ्याने हसायला लागल्या की समोरच्या खिडकीतून आजींनी डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "रक्त काढणारी बाई आली का गं? मी अजून उपाशीच आहे!"